वंश, जात आणि ख्रिस्ती समता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळ्या, युवक संघ आणि बायबल अभ्यासगट यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी शास्त्रवचनांचे, मग चर्चमधल्या व्यवहाराचे, शेवटी दाखले आणि कायद्याचे. समतेच्या तत्त्वाला सहसा कोणी विरोध करत नाही. घोडे अडते ते रोटी, बेटी आणि माती या तीन ठिकाणी: कोणाच्या पंगतीला बसायचे, कोणाच्या घरी मुलगी द्यायची, मेल्यावर कोणाशेजारी पुरायचे. म्हणून उत्तरांचा भरही तिथेच आहे.

१. वंशभेद हा अमेरिकेचा, दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न. मराठी मंडळीत त्यावर कशाला बोलायचं?

कारण हा धागा मराठीत दीडशे वर्षांपूर्वीच जोडला गेला आहे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सज्जनांना, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी झीज सोसली म्हणून. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले.

जात म्हणजे वंश नव्हे, हे खरे. वंशभेद रंगावर नजर ठेवतो. जात आडनाव, गाव आणि आजोबांचा धंदा विचारते. वांशिक भेदभावाविरुद्धच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात वंश आणि रंग यांच्या जोडीला 'जन्मपरंपरा' हा आधारही आहे. त्यात जात येते, असे त्या कराराच्या समितीने २००२ मध्ये स्पष्ट केले. भारत सरकारला हा अर्थ मान्य नाही. हा वाद परराष्ट्र खात्याचा. चर्चपुढचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे: माणसाची जागा त्याच्या जन्मावरून ठरते का?

२. बायबलमध्ये वंशाबद्दल नेमकं काय आहे? अभ्यासासाठी वचनं सांगा.

कातडीच्या रंगावरून माणसांचे वर्ग पाडण्याची आजची रीत बायबलच्या काळात नव्हती. ती युरोपीय वसाहती आणि गुलामांचा व्यापार यांच्याबरोबर वाढली. शास्त्रात कुळे, भाषा, लोक आणि राष्ट्रे आहेत.

एका बैठकीला एवढी वचने पुरतात: उत्पत्ती १:२७ (मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा), लेवीय १९:३३-३४ (परक्याला स्वदेशीयासारखे वागवा), आमोस ९:७ (देवाला इस्राएल आणि आफ्रिकेतले कूशी सारखेच), प्रेषितांची कृत्ये १०:३४ आणि १७:२६, इफिसकरांस २:१४ (मधली आडभिंत पाडली), प्रकटीकरण ७:९.

याकोब २:१-९ वर बहुधा श्रीमंत-गरीब असा उपदेश होतो, पण तिथला अपराध नीट पाहा. तो बसण्याच्या जागेचा आहे: एकाला चांगली जागा, दुसऱ्याला 'तू उभा राहा'. जात कशी चालते ते ज्याने पाहिले आहे, त्याला हा उतारा समजावून सांगावा लागत नाही. प्रकटीकरण ७:९ मध्ये सिंहासनापुढेही निरनिराळ्या भाषांचे लोक ओळखू येतात. समता म्हणजे सगळ्यांना एका साच्यात ओतणे नव्हे, एवढे त्यातून निघते. गलतीकरांस ३:२८ ('यहूदी नाही, हेल्लेणी नाही'; हेल्लेणी म्हणजे ग्रीक) साठी प्रश्न ५ पाहा.

३. काळे लोक हामाच्या शापामुळे दास झाले, असं मंडळीतल्या एका वडिलांनी सांगितलं. हे बायबलात आहे का?

नाही. उत्पत्ती ९:२०-२७ उघडून वाचा. शाप हामाला नाही, त्याचा मुलगा कनान याला आहे. तो देवाने दिलेला नाही. झिंगेतून जागा झालेल्या नोहाने उच्चारला आहे. रंगाचा उल्लेख कुठेही नाही. आफ्रिकेशी ज्याचे नाव जोडले जाते तो कूश हा हामाचा वेगळा मुलगा (उत्पत्ती १०:६), त्याला शापाचा स्पर्शही नाही. अटलांटिक गुलाम-व्यापाराच्या काळात हा अर्थ सोयीचा होता, म्हणून तो टिकला.

उलट गणना १२ वाचून दाखवावे. मोशेने कूशी बायको केली म्हणून मिर्याम त्याच्याविरुद्ध बोलली आणि कोडाने बर्फासारखी पांढरी झाली. रंगाचा अभिमान धरणाऱ्यांना हा अध्याय सहसा आठवत नाही.

४. पण पौल तर दासांना धन्याची आज्ञा पाळायला सांगतो. मग बायबल गुलामगिरीच्या बाजूने नाही का?

इफिसकरांस ६:५ आहे, ते लपवू नये. त्याच पौलाने फिलेमोनला लिहिले की अनेसिमाला दास नव्हे, प्रिय बंधू म्हणून परत घे (फिलेमोन १६). माणूस चोरून विकणाऱ्याला नियमशास्त्रात देहदंड आहे (निर्गम २१:१६) आणि १ तीमथ्य १:१० मध्ये असा माणूस दुष्टांच्या यादीत आहे. अटलांटिकपारचा व्यापार हा नेमका माणसे चोरून विकण्याचा धंदा होता.

१८०७ साली कॅरिबियन मळ्यांवरच्या गुलामांसाठी लंडनमध्ये बायबलची एक कापलेली आवृत्ती छापली गेली. इजिप्तमधून झालेल्या सुटकेची हकिकत त्यात नव्हती, गलतीकरांस ३:२८ ही नव्हते. कात्री चालवणाऱ्यांना शास्त्राचा अर्थ चांगलाच कळला होता, असेच म्हणावे लागते.

चर्चचा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडावा. १४५२ च्या पोपच्या फर्मानाने पोर्तुगालच्या राजाला ख्रिस्तेतरांना दास करण्याची मुभा दिली. १५३७ मध्ये दुसऱ्या पोपने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना दास करण्याला मनाई केली. या जुन्या फर्मानांच्या आधारावर उभारलेला 'शोधाचा सिद्धान्त' (ख्रिस्ती राजाने 'शोधलेली' भूमी त्याची) व्हॅटिकनने मार्च २०२३ मध्ये नाकारला. अमेरिकेतले सदर्न बॅप्टिस्ट १८४५ साली गुलाम बाळगण्याच्या प्रश्नावरून वेगळे झाले. त्याबद्दल त्यांनी माफी मागितली १९९५ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी.

५. "यहूदी नाही, हेल्लेणी नाही" हे आत्मिक अर्थाने आहे ना? समाजातले भेद तर राहणारच.

हे वचन गलतीकरांस ३:२८ चे. त्या पत्राचा दुसरा अध्याय वगळला तरच असे म्हणता येते. अंत्युखियात पेत्र विदेशी विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमेहून काही लोक आले आणि तो पंगतीतून उठून वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सर्वांसमोर बोल लावला (गलतीकरांस २:११-१४). पेत्राने कोणतीही शिकवण बदलली नव्हती, फक्त पान हलवले होते. पौलाच्या लेखी तेवढ्यानेच शुभवर्तमानाचे सत्य मोडले. ३:२८ हे वचन त्या भांडणानंतर एका अध्यायाने येते.

'आत्मिक समता, व्यवहारात वेगळेपणा' हा प्रयोग पुरता करून झाला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने (धर्मसभेने) १८५७ मध्ये ठरवले की सर्वांनी एकत्र उपासना करणे शास्त्राला धरून आहे, पण काहींच्या 'दुर्बलतेमुळे' वेगळी उपासना चालेल. दुर्बल म्हणजे काळ्यांबरोबर प्रभुभोजन नको असलेले गोरे. सवलत म्हणून सुरू झालेली गोष्ट २४ वर्षांत संस्था झाली: १८८१ साली मिश्रवर्णीयांसाठी वेगळे मिशन चर्च निघाले. पुढे अपार्थाइडला, म्हणजे वंशानुसार लोकांना वेगळे ठेवण्याच्या सरकारी धोरणाला, धर्मशास्त्राचा आधार पुरवला गेला तो याच वाटेने.

त्याच मिशन चर्चने १९८२ मध्ये केपटाऊनजवळच्या बेलहार इथे विश्वासाचा कबुलीजबाब तयार केला आणि १९८६ मध्ये स्वीकारला. त्यात ऐक्य, समेट आणि न्याय एका सुतात ओवले आहेत. १९८२ मध्येच ओटावा इथे रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघाने अपार्थाइडचे धर्मशास्त्रीय समर्थन पाखंड ठरवले. चूक किंवा अन्याय एवढ्यावर न थांबता पाखंड म्हटले, म्हणजे प्रश्न धोरणाचा न राहता विश्वासाचा झाला.

६. जात ही आपली संस्कृती आहे. धर्म बदलला म्हणून संस्कृती का सोडायची?

कुंकू, साडी, अभंग, तुतारी ही संस्कृती. दुसऱ्याला खाली ठेवल्याशिवाय जी चालत नाही ती प्रथा वेगळी. या दोहोंची गल्लत भारतात चारशे वर्षे चालू आहे.

सतराव्या शतकाच्या आरंभी मदुराईत रॉबर्ट दे नोबिली याने ब्राह्मणी वेष आणि राहणी घेतली. शेंडी, जानवे, गंध ठेवायला १६२३ मध्ये पोपची परवानगी मिळाली. पुढे त्या मिशनमध्ये खालच्या मानलेल्या जातींसाठी वेगळे धर्मगुरू ठेवण्यात आले. वेष परवडला, ही वाटणी नाही. प्रोटेस्टंटांत कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी १८३३ मध्ये जात पूर्णपणे सोडण्याचा आदेश काढला, तेव्हा तंजावरकडची कितीतरी कुटुंबे मंडळी सोडून गेली. १८५० च्या मद्रास मिशनरी परिषदेने कसोटी ठेवली ती अगदी साधी: 'हलक्या' मानलेल्या जातीच्या हातचे अन्न खाता का? लाइपझिगच्या लुथरन मिशनने मात्र जात ही सामाजिक बाब म्हणून चालवून घेतली, आणि बाकीच्या मिशनांवर नाराज झालेली माणसे तिकडे गेली.

आज कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेचे दलित सक्षमीकरणाचे धोरण (डिसेंबर २०१६) जातिभेदाला पाप म्हणते आणि तो चर्चच्या आत आहे हे कबूल करते. तेव्हा 'आमच्यात असलं काही नाही' हे उत्तर आता अधिकृत भूमिकेलाही धरून नाही.

७. आमच्या मंडळीत भेद आहे की नाही, हे कसं ओळखायचं? कोणी उघड बोलत नाही.

माणसांना जात विचारत फिरू नका. ज्याला आयुष्यभर तोच प्रश्न विचारला गेला आहे त्याचा तो अपमान होतो, आणि उत्तरेही खोटी मिळतात. आडनावांवरूनही मोजू नका. धर्मांतरानंतर अनेक घराण्यांनी आडनाव बदलले, काहींनी गावाचे लावले, काहींनी बाप्तिस्म्याचे नावच पुढे चालवले.

माणसे सोडा, जागा पाहा. सहा महिन्यांच्या नोंदी काढा: शास्त्रपाठ कोणी वाचला, प्रार्थना कोणी चालवली, पास्टरेट कमिटीत किंवा धर्मग्रामाच्या मंडळात कोण, खजिनदार कोण, मिशनच्या शाळेत आणि दवाखान्यात शेवटच्या दहा नेमणुका कोणाच्या. सणाच्या जेवणात स्वयंपाक कोणी केला आणि भांडी कोणी घासली. पाळक कोणाच्या घरी जेवतात आणि कोणाकडे फक्त प्रार्थना करून परततात. प्रभुभोजनात एकच प्याला असेल तर काही कुटुंबे ठरवून आधी किंवा शेवटी येतात का. ही यादी दोन वेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे करावी आणि मग ताडून पाहावी. एकाच माणसाने केली की तिला तक्रारीचा वास लागतो.

गोव्यात आणखी एक ठिकाण पाहावे लागते: कॉन्फ्रारिया, म्हणजे चर्चचा बंधुसंघ. काही गावांत ती परंपरेने गावकरांपुरती (गावच्या मूळ घराण्यांपुरती), म्हणजे व्यवहारात जातीपुरती राहिली. फेस्ताच्या मिरवणुकीत झगा कोणी घालायचा, खर्च आणि मान कोणाचा, यावरून वाद होतात ते याच कारणाने. बंधुसंघाचे नियम बिशपच्या संमतीने बदलता येतात, त्यामुळे 'ही गावाची रीत' हे अखेरचे उत्तर नव्हे.

८. आमच्याकडे सवर्ण कोणीच नाहीत. महार आणि मांग समाजांतून आलेली कुटुंबं आहेत, तरी बसणं-उठणं वेगळं. याला काय म्हणायचं?

जातच म्हणायचे. जात ही वरच्याने खालच्याशी करायची एकच गोष्ट नाही, ती पायऱ्यांची शिडी आहे आणि प्रत्येक पायरीला आपल्या खालची दिसते. महाराष्ट्रातल्या धर्मांतराच्या लाटा समाजनिहाय आल्या, वस्त्या वेगळ्या, म्हणून मंडळ्याही वेगळ्या बसल्या. वेगळी चर्चे असणे एवढ्याने दोष लागत नाही. पण एका गावातून दुसऱ्या गावात आलेल्या कुटुंबाला 'तुमचं चर्च पलीकडे' असे सांगितले जात असेल, तर ती १८५७ चीच सवलत आहे (प्रश्न ५). सामाईक नाताळ भोजन चांगले, पण ते वर्षातून एकदाच असते. दोन्ही मंडळ्यांचा एकच रविवार-शाळा वर्ग आणि एकच गायनगट केला तर फरक लवकर दिसतो, कारण मुले दर आठवड्याला एकमेकांच्या घरी जातात.

९. मुलाने दुसऱ्या समाजातली ख्रिस्ती मुलगी पसंत केली. घरचे म्हणतात, पाळकांनी लग्न लावू नये. पाळक नकार देऊ शकतात का?

जातीच्या कारणावरून नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात जातीची अट कुठेच नाही. वय, संमती, निषिद्ध नाते आणि आधीचे लग्न पाहिले जाते. लग्नाच्या घोषणा वाचताना हरकत मागितली जाते, ती असल्याच कायदेशीर अडथळ्यांची. 'आमच्यातली नाही' ही हरकत होत नाही आणि पाळकांनी ती नोंदवूनही घेऊ नये.

स्थळांच्या जाहिराती हा याचाच दुसरा भाग. गोवा आणि मंगळूरकडच्या मजकुरात 'रोमन कॅथॉलिक ब्राह्मण' अजून दिसते, आणि 'गोरी' हा शब्द तर सगळीकडे. चर्चचे मासिक असेल तर संपादकांनी जात आणि रंग वगळूनच मजकूर घ्यावा. हा नियम छापील नमुन्यात असला की दर वेळी वाद घालावा लागत नाही.

१०. दफनभूमीत आम्हाला कोपऱ्यातली जागा देतात. काय करता येईल?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. पैसे भरून घेतलेली कुटुंबाची कबर हा हक्क आहे, तिच्यावर दुसऱ्याला जागा मागता येत नाही. मोकळ्या जागेत 'तुमची रांग ती' असे ठरलेले असेल तर तो भेद आहे.

१) दफनभूमीची नियमावली आणि दफन-नोंदवही पाहायला मागा. रांगेची वाटणी बहुधा कुठेच लिहिलेली नसते, आणि हेच तुमचे बळ.
२) पाळकांना किंवा धर्मगुरूंना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मागणी एकच ठेवा: यापुढची दफने क्रमाने, ओळीत, कुटुंब न पाहता.
३) उत्तर आले नाही तर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात डायोसिसकडे, कॅथॉलिकांत बिशपांकडे जा. कॅथॉलिक धर्मनियम ११८० प्रमाणे धर्मग्रामाची दफनभूमी असेल तर तिथल्या सदस्याला तीत जागा मिळालीच पाहिजे.
४) तरीही अडले तर कायदा. घटनेचे कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते, आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये दफनभूमीचा नाव घेऊन उल्लेख आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड.

एक अडचण माहीत असू द्या. याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कृत्य अस्पृश्यतेपोटी झाले असे न्यायालय गृहीत धरते. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाला हा फायदा मिळणे कठीण, कारण कागदोपत्री तो अनुसूचित जातीचा राहत नाही (प्रश्न १५). मग हेतू साक्षी-पुराव्याने सिद्ध करावा लागतो. म्हणूनच लेखी अर्ज आणि पोच यांना इतके महत्त्व.

प्रेत दारात असताना हा वाद काढू नका. घर दुःखात असते, रात्र वाढत जाते, आणि शेवटी तेच लोक पडते घेतात. नियम एरवीच्या दिवसांत बदलून घ्यावा.

११. पुण्यात आफ्रिकन आणि ईशान्य भारतातले विद्यार्थी उपासनेला येतात, पण टिकत नाहीत. काय चुकतं?

बहुतेक वेळा दाराबाहेर चुकते. रविवारी 'वेलकम' म्हणणाऱ्या घरातच सोमवारी भाड्याची खोली 'नुकतीच गेली' असे सांगितले जाते. मागून 'हबशी', 'चिंकी' हे शब्द कानावर येतात. त्यांना दर वेळी पाहुणे म्हणून गाणे गायला लावणे हीसुद्धा एक तऱ्हा: टाळ्या मिळतात, कमिटीत जागा नाही. अंत्युखियाच्या मंडळीत 'निग्र' म्हटलेला शिमोन शिक्षक-संदेष्ट्यांच्या यादीत होता (प्रे. कृ. १३:१), पाहुण्यांच्या नव्हे.

खोली मिळवून देणारी दोन कुटुंबे आणि पोलीस ठाण्यात बरोबर येणारा एक मराठी माणूस, एवढे आधी नेमा. बाकी आपोआप जमते. आफ्रिकन वंशाचे भारतीय ख्रिस्तीही आपल्या शेजारीच आहेत: कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळ भागातले सिद्दी. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती तिन्ही आहेत, आणि कोकणी बोलणारे पुष्कळ.

१२. वेदीवरचा येशू गोरा, निळ्या डोळ्यांचा. तो बदलायचा का?

जुना काढून फेकू नका, त्याच्याशी लोकांच्या प्रार्थना जोडलेल्या असतात. नवा शेजारी आणा. येशू पहिल्या शतकातला गालीली यहूदी होता. उत्तर युरोपीय चेहरा हा चित्रकारांच्या प्रदेशाचा ठसा. मूळचे गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून साडीतली, सावळी मरिया रंगवत. गोव्यात त्यांना त्याबद्दल टीका सोसावी लागली. रविवार-शाळेच्या भिंतीपासून सुरुवात करणे सोपे जाते.

१३. ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी की न्याय मागावा?

हा प्रश्न नेहमी सोसणाऱ्यालाच का विचारला जातो, तेही एकदा पाहावे. जकातदार जक्कयाने येशूपुढे 'मला क्षमा कर' एवढेच म्हटले नाही. लुबाडलेले चौपट परत देतो म्हणाला, आणि मग 'आज या घराला तारण प्राप्त झाले' हे शब्द आले (लूक १९:८-९). क्षमा देणे हे ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या हातात; परत करणे हे ज्याने केला त्याच्या.

दक्षिण आफ्रिकेच्या सत्य व समेट आयोगाच्या सुनावण्या १९९६ मध्ये आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाल्या. पूर्ण सत्य सांगणाऱ्याला माफी मिळू शकत होती. भरपाईचे मात्र रेंगाळले, आणि २००३ मध्ये सरकारने मंजूर केली ती एकदाच द्यायची ३०,००० रँडची रक्कम, आयोगाने सुचवल्यापेक्षा पुष्कळ कमी. माफी झाली, परतफेड राहिली, ही तक्रार आजही ऐकू येते. मंडळीत समेटाची सभा घ्यायची असेल तर कागदावर आधी 'काय परत करायचे' लिहा: पद, जागा, नेमणूक, नोंदवहीतली दुरुस्ती. हस्तांदोलन त्यानंतर.

१४. जातीचा विषय काढला की मंडळी फुटते. गप्प राहणं बरं नाही का?

पहिल्या मंडळीतही हेल्लेणी भाषिक विधवांना रोजच्या वाटणीत डावलले जाते अशी कुरकुर झाली (प्रे. कृ. ६). प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना ऐक्याचे प्रवचन दिले नाही. सात जण निवडले गेले, आणि सातही नावे हेल्लेणी आहेत. तक्रार करणाऱ्यांच्याच हाती वाटणी आली. फूट टळली ती अशी.

व्यवहारात तीन चुका टाळा. हा विषय निवडणुकीच्या तोंडावर काढू नका. तो गटाचा डाव ठरतो. व्यासपीठावरून कोणा कुटुंबाकडे बोट जाईल असे उदाहरण देऊ नका. आणि फक्त दलित ख्रिस्ती वक्त्यालाच बोलवू नका, कबुली दुसऱ्या बाजूनेही यायला हवी. सुरुवातीला नोव्हेंबरचा दुसरा रविवार सोयीचा: कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट दोन्हींकडे तो दलित मुक्ती रविवार म्हणून पाळतात.

१५. आजोबा महार होते, बाप्तिस्मा घेतला. मला अनुसूचित जातीचा दाखला मिळेल का?

आजच्या कायद्याप्रमाणे नाही. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा परिच्छेद ३ अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधतो. आधी फक्त हिंदू, १९५६ पासून शीख, १९९० पासून बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर. १९८५ च्या सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा परिच्छेद कायम ठेवला. रंगनाथ मिश्रा आयोगाने तो काढून टाकण्याची शिफारस केली. २००४ पासून याचिका सर्वोच्च न्यायालयात आहेत आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. आदेशामागचा तर्क असा की जात हिंदू समाजातच असते. प्रश्न ७ ते १० वाचणाऱ्याला तो कितपत पटेल, हे सांगायला नको.

महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांची गणना इतर मागास वर्गात होते. दाखला उपविभागीय अधिकारी देतात, अर्ज 'आपले सरकार' वरून करता येतो. लागणारा पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा: वडील, आजोबा किंवा चुलत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना १४, महसुली नोंद. सोबत नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, आणि त्यात पगार व शेतीचे उत्पन्न धरत नाहीत.

अर्ज अडतात ते एकाच कारणाने: जुन्या कागदावर फक्त 'ख्रिश्चन' किंवा 'नेटिव्ह ख्रिश्चन' लिहिलेले असते, मूळ जात नसते. तेव्हा मिशनची बाप्तिस्मा-नोंदवही शोधा. जुन्या नोंदवह्यांत आधीची जात, गाव आणि बापाचे नाव बऱ्याचदा सापडते. प्रमाणित उतारा पाळकांच्या सही-शिक्क्याने घ्या. नोकरी किंवा व्यावसायिक शिक्षण हवे असेल तर जिल्हा जात पडताळणी समितीकडे वैधतेचा अर्ज बारावीच्या वर्षातच द्या; प्रवेशाच्या तोंडावर दिला की मुदत हुकते.

१६. आणि भिल्ल, मावची, वारली ख्रिस्ती? त्यांचाही दर्जा जातो का?

नाही. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. पण वाद झाला तर ती व्यक्ती अजून त्या जमातीचा भाग आहे का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न म्हणून तपासला जातो; सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हेच म्हटले. म्हणून नंदुरबार-धुळ्याकडच्या मंडळ्यांनी जमातीची भाषा, नातेसंबंध, लग्नातल्या निर्दोष रीती टाकून देऊ नयेत. 'जुनं सगळं सैतानाचं' असे शिकवणारा उपदेशक त्यांना दोनदा गरीब करतो.

१७. दाखल्यावर हिंदू आहे, अनुसूचित जातीची सवलत घेतो, पण येशूवर विश्वास आहे आणि बाप्तिस्मा घ्यायचाय. पाळकांनी काय सांगावं?

बाप्तिस्म्याआधी खरे ते सगळे सांगावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सी. सेल्वराणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बाप्तिस्मा घेऊन, नियमित चर्चला जाऊन, केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही घटनेशी फसवणूक आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही धर्मांतरानंतर लागू होत नाही, असे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ठरवले. म्हणजे जाते ती फक्त नोकरीची जागा नाही.

परिच्छेद ३ अन्यायाचा आहे, असे मानणाऱ्या पाळकालाही त्यावर खोट्या कागदाचा उतारा देता येत नाही. 'हा आमचा सदस्य नाही' असे पत्र देऊ नये. विचारायला आलेल्याला घाईही करू नये. घरच्यांशी बोलायला, मुलाचे शिक्षण पुरे व्हायला वेळ लागत असेल तर तेवढे दिवस त्याला उपासनेत मोकळेपणाने बसू द्यावे, आणि कोण कोणती सवलत घेतो याची चर्चा मंडळीत होऊ देऊ नये.

उलट दिशेची वाटही आहे. २०१५ च्या के. पी. मनू खटल्याप्रमाणे पूर्वजांची मूळ जात, परत धर्मांतर आणि त्या समाजाने केलेला स्वीकार, तिन्ही सिद्ध झाल्यास अनुसूचित जातीचा दर्जा परत मिळू शकतो.

बाप्तिस्म्याची तारीख मागेपुढे करून द्या, अशी विनंती आली तर स्पष्ट नकार द्यावा. पडताळणी समिती मूळ नोंदवही मागवू शकते, आणि एका नावापुढची खाडाखोड सापडली की त्या पानावरच्या इतर कुटुंबांचा पुरावाही संशयात जातो.